घरच्या पाण्याचा वास

गेल्या ऑक्टोबरमध्ये बाबा इकडे आले होते, सिअ‍ॅटलला. आई ताईच्या बाळंतपणात अडकलेली, त्यामुळे एकटेच. पहिल्या तीन वीकेंडला विमानांचं म्युझियम, पाइक प्लेसचा बाजार, माउंट रेनियर असं सगळं दाखवून झालं आणि चौथ्या शनिवारी मी इंटरनेटवर 'आता काय' शोधत बसलो. शेवटी त्यांना इसाक्वाच्या हॅचरीवर घेऊन गेलो. आमच्या बेलव्ह्यूपासून गाडीने वीस मिनिटं. गावाच्या मधोमध एक ओढा, त्यावर एक पूल, आणि ऑक्टोबरमध्ये त्या ओढ्यात हातभर लांबीचे सॅमन मासे प्रवाहाच्या उलट पोहत असतात.

बाबा कोकणातले. गावात आमचं घर नदीपासून पाच मिनिटांवर. पुलाच्या कठड्याला रेलून ते पंधरा मिनिटं काही बोलले नाहीत. खाली माशांची अवस्था बघवत नव्हती. कल्ले फाटलेले, अंगावर पांढरी बुरशी, तरी शेपटी मारत पुढे चाललेले. गोड्या पाण्यात शिरल्यावर हे मासे खाणंच बंद करतात, उरलीसुरली ताकद फक्त वर चढायला आणि अंडी घालायला. त्यानंतर मरतात.

"आमच्या चढणीच्या माशांसारखंच की रे हे," बाबा म्हणाले.

(ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की कोकणात नदीतले मासे ओढ्यांतून उलटे चढून शेतापर्यंत येतात, अंडी घालायला. ते चढणीचे मासे. काही ठिकाणी वलगणीचे म्हणतात. रात्री बत्ती घेऊन ते पकडायला जाणं हा बाबांच्या लहानपणीचा मोठा सण होता.)

मी मग त्यांना तिथल्या फलकावरचा नकाशा वाचून दाखवला. हे मासे याच ओढ्यात जन्मले. इथून लेक सामामिश, तिथून सामामिश नदी, मग लेक वॉशिंग्टन, लेक युनियन, बॅलार्डचे लॉक्स, प्यूजेट साउंड आणि शेवटी पॅसिफिक महासागर. तिथे मोठे होऊन सगळा रस्ता उलटा पोहत परत याच ओढ्यात. वाटेत डावी-उजवीकडे किती ओढे, किती नद्या मिळतात त्याची गणती नाही.

"पण यांना कळतं कसं, कुठे वळायचं ते?"

"इन्स्टिंक्ट असतो बाबा."

"म्हणजे तुला माहीत नाही."

बरोबर होतं त्यांचं. 'इन्स्टिंक्ट' हे उत्तर म्हणजे कोडमध्ये 'हे का चालतं माहीत नाही, हात लावू नका' अशी कमेंट टाकण्यासारखं आहे :-) तर त्या रात्री वाचायला बसलो आणि पुढचे दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. निघालं काय, तर आम्ही ज्या ओढ्यावर उभे होतो, त्याच ओढ्यावर १९५० च्या दशकात या प्रश्नाचं उत्तर तपासलं गेलं होतं. आणि उत्तर आहे: वासावरून.

पाण्यात वास? मलाही आधी हाच प्रश्न पडला. आपल्या डोक्यात वास म्हणजे हवेतून येणारी गोष्ट. माशाच्या बाबतीत वास म्हणजे पाण्यात विरघळलेले रेणू, बस. माशाला नाक असतंच, फक्त त्याने तो श्वास घेत नाही. बहुतेक माशांच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना एकेक छोटी खळगी असते. पुढच्या भोकातून पाणी आत, मागच्या भोकातून बाहेर. आत पातळ त्वचेच्या घड्या असतात, फुलाच्या पाकळ्यांसारख्या मांडलेल्या, आणि त्यांवर वास ओळखणाऱ्या पेशी. त्या पेशींची वायर थेट मेंदूत. मासा पोहत असताना पाणी आपोआप यातून वाहत राहतं, म्हणजे सेन्सर चोवीस तास चालू.

आता गोष्ट सुरू होते ती सिअ‍ॅटलपासून फार लांब, ऑस्ट्रियात.

कार्ल फॉन फ्रिश हे नाव तुम्ही मधमाशांच्या नाचामुळे ऐकलं असेल. मधमाशी नाचून बाकीच्यांना फुलांचा पत्ता सांगते हे शोधणारा तो माणूस. १९७३ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. पण त्याचं पहिलं प्रेम मासे. १९२३ मध्ये त्याने एक निबंध छापला, शीर्षक साधारण असं: 'शिटी वाजवली की येणारा मार्जारमीन'. त्या काळी मासे बहिरे असतात असं भलेभले मानायचे. फ्रिशने एका आंधळ्या माशाला शिटी वाजवून खायला द्यायची सवय लावली. काही दिवसांनी नुसती शिटी वाजली तरी मासा बिळातून बाहेर यायला लागला. विषय संपला.

पुढे तो मिनो नावाच्या बोटभर लांबीच्या माशांवर काम करत होता. हे कळपाने राहतात आणि आपल्या रोहू-कटलाच्या कुळातलेच. एकदा त्याने ओळखता यावा म्हणून एका मिनोला छोटीशी जखम करून खूण केली आणि त्याला परत कळपात सोडलं. त्याबरोबर सगळा कळप दचकला, एकत्र गोळा झाला आणि पळून गेला. जखमी माशाने तर काहीच केलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर 'आज मासे बिथरलेत' म्हणून घरी गेला असता. फ्रिशने मात्र एकेक शक्यता तपासायला घेतली. जखमी मासा बघून घाबरले का? मग मासा न दाखवता फक्त त्याच्या कातडीचा अर्क पाण्यात सोडला. तरी पळाले. बरं, हे नाकाने कळलं का? मग वासाची नस तोडलेल्या माशांना तोच अर्क दिला. ते ढिम्म हलले नाहीत. कोणत्याही बग-रिपोर्टला शोभेल अशी ही मांडणी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. १९३८ मध्ये त्याने याची पहिली छोटी नोंद छापली आणि त्या द्रव्याला जर्मनमध्ये 'श्रेकस्टोफ' म्हटलं, म्हणजे भीतीचं द्रव्य.

यातली गंमत अशी की हे द्रव्य माशाला मुद्दाम सोडता येत नाही. कातडीतल्या खास पेशींमध्ये ते भरलेलं असतं आणि त्या पेशींना बाहेर उघडणारी नळीच नसते. कातडी फाटली, म्हणजे कुणाचा तरी दात लागला, तरच ते पाण्यात मिसळतं. म्हणजे ही आरोळी नाही. एकाची कातडी फाटते आणि त्या वासाने बाकीच्यांचा जीव वाचतो. (हे द्रव्य नेमकं काय यावर पुढे बरीच वर्षं शोध चालू होता. २०१२ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी झेब्राफिशवर काम करून दाखवलं की माशाच्या कातडीवरच्या चिकट आवरणातल्या कॉन्ड्रॉइटिन नावाच्या शर्करेचे तुकडे यात सामील आहेत. हा झेब्राफिश मूळचा आपल्याच भारतीय उपखंडातला.)

फ्रिशचा या विषयावरचा मोठा निबंध १९४१ चा. आता ते साल बघा. जानेवारी १९४१ मध्ये नाझी सरकारच्या मंत्रालयाने त्याला कळवलं की तुम्ही 'पाव ज्यू' ठरता, तुम्हाला म्युनिकच्या विद्यापीठातून काढण्यात येत आहे. कारण? त्याच्या आईची आई ज्यू घरातली. पंचावन्नाव्या वर्षी, आयुष्यभराची प्रयोगशाळा हातातून जायची वेळ. त्याला वाचवलं ते मधमाशांच्या एका रोगाने. नोसेमा नावाच्या साथीने त्या वर्षांत मधमाशांची लाखो पोळी मेली. मधमाशा नाहीत तर परागीभवन नाही, फळं नाहीत, आणि युद्धात अन्न तर हवंच. मग सरकारला मधमाशा कळणारा माणूस लागला आणि त्याची हकालपट्टी 'युद्ध संपेपर्यंत' पुढे ढकलली गेली. युद्ध संपलं, सरकारच गेलं. मधल्या काळात, १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्याचं म्युनिकमधलं घर जमीनदोस्त झालं आणि तो वोल्फगांगझे तळ्याकाठच्या आपल्या जुन्या घरी येऊन राहिला.

१९४५ मध्ये त्याला एक अमेरिकन माणूस भेटला. आर्थर हॅसलर. विस्कॉन्सिन विद्यापीठात तळ्यांचा अभ्यास करणारा प्राध्यापक, पण त्या वेळी अमेरिकन बॉम्बहल्ल्यांचे परिणाम मोजणाऱ्या सरकारी पथकातून जर्मनीत आलेला. विचार करा, ज्याचं घर बॉम्बने गेलं तो आणि ते बॉम्ब मोजायला आलेला, आणि दोघांच्या आवडीचा विषय एकच. मासे. पाण्यातल्या वासाचा विचार हॅसलरच्या पुढच्या कामात ठळक दिसतो.

पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, हॅसलर युटा राज्यात आपल्या गावाकडे गेला होता. लहानपणी ज्या टिंपानोगोस डोंगरावर हिंडला होता, त्यावर चढत होता. पुढे कड्याआड एक धबधबा होता, अजून दिसत नव्हता. एकदम वारा आला आणि ओल्या शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला. त्यासरशी त्याला शाळेतले मित्र, त्यांची नावं, विसरलेले सगळे प्रसंग आठवले. त्याने नंतर स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्याच्या मनात आलं: एका वासाने मला वीस-तीस वर्षं मागे नेलं, मग सॅमनला का नेणार नाही? प्रत्येक ओढ्याची माती वेगळी, काठावरची झाडं वेगळी, त्यातलं शेवाळ वेगळं. म्हणजे प्रत्येक ओढ्याला स्वतःचा वास असणार. पिल्लू समुद्राकडे जाताना तो लक्षात ठेवत असेल तर?

ही कल्पना सुंदर होती, पण सुंदर कल्पना कुणालाही सुचते. पुढे जे झालं ते मला जास्त आवडतं. हॅसलरने आणि त्याचा विद्यार्थी वॉरन विस्बी याने हा मोठा प्रश्न तीन लहान प्रश्नांत तोडला. एक, ओढ्यांना खरोखर वेगळे वास असतात का आणि माशाला ते ओळखता येतात का? दोन, परतणारा मासा खरोखर नाक वापरतो का? तीन, हा वास लहानपणी शिकलेला असतो का?

पहिला प्रश्न त्यांनी विस्कॉन्सिनमध्ये, टाकीत सोडवला. दोन ओढ्यांचं पाणी आणलं आणि मिनोंना शिकवलं. एका पाण्याबरोबर खाऊ, दुसऱ्याबरोबर विजेचा हलका झटका. मासे दोन्ही पाणी बिनचूक ओळखायला लागले. नाकातल्या पेशी नष्ट केल्यावर ओळख गेली. १९५१ मध्ये हे छापून आलं.

दुसऱ्या प्रश्नासाठी ते इसाक्वाला आले. आमच्या इसाक्वाला! हा ओढा गावाजवळ दोन फाट्यांचा होतो. त्यांनी दोन्ही फाट्यांवर परत आलेले मिळून तीनशेच्या आसपास कोहो सॅमन पकडले, म्हणजे कुणी कुठला फाटा निवडला होता ते पक्कं माहीत. मग अर्ध्या माशांच्या नाकात कापसाचे बोळे घातले आणि सगळ्यांना फाट्याच्या खाली नेऊन परत सोडलं. नाक उघडं असलेले बहुतेक मासे पुन्हा आपापल्या फाट्याला गेले. बोळेवाल्यांची निवड मात्र पार बिघडली. १९५४ चा हा निबंध. सर्दीने नाक बंद झालेल्या माणसाला स्वयंपाकघरात काय शिजतंय ते कळू नये, तसंच.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड होता आणि त्याला वीस वर्षं लागली. वास लहानपणी शिकतात हे सिद्ध करायचं तर असा वास हवा जो कुठल्याच ओढ्याला नाही. त्यांनी दोन रसायनं निवडली. एक मॉर्फोलिन, कारखान्यांत वापरतात ते. दुसरं फेनेथिल अल्कोहोल, गुलाबाच्या अत्तरात असतं ते. १९६६ पासून मिशिगन सरोवरात कोहो सॅमन सोडायला सुरुवात झाली होती, त्यामुळे प्रयोगाला मासेही होते आणि समुद्राएवढं पाणीही. १९७० च्या दशकात हॅसलरच्या गटाने हॅचरीतल्या पिल्लांचे गट केले. एकाला काही आठवडे मॉर्फोलिनच्या पाण्यात ठेवलं, दुसऱ्याला गुलाबाच्या, तिसऱ्याला काहीच नाही. प्रमाण इतकं कमी की आपल्याला पत्ताही लागू नये. मग खुणा करून सगळ्यांना सरोवरात सोडून दिलं.

दीड वर्षाने, परतीच्या हंगामात, एका नदीत मॉर्फोलिनची धार लावली, दुसरीत फेनेथिल अल्कोहोलची, आणि किनाऱ्यावरच्या बाकीच्या नद्यांवरही पाळत ठेवली. मॉर्फोलिनवाले मॉर्फोलिनच्या नदीत आले, गुलाबवाले गुलाबाच्या नदीत. सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मासे 'आपल्या' वासाला आले होते. त्या नदीत ते कधी जन्मले नव्हते, कधी पोहलेही नव्हते. त्यांच्या लेखी घर म्हणजे फक्त तो वास. १९७६ मध्ये हे 'सायन्स' या नियतकालिकात आलं. डोंगरावरच्या त्या दुपारनंतर बरोबर तीस वर्षांनी.

पुढे अजून तपशील भरले गेले. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी उंदरांमध्ये वास ओळखणारी जनुकं शोधली (२००४ चं नोबेल) आणि तशीच जनुकं माशांतही सापडली. ओढ्याच्या वासात विरघळलेल्या अमिनो आम्लांचं मिश्रण महत्त्वाचं असतं असं जपानच्या होक्काइडोमधल्या संशोधकांनी दाखवलं. आणि २०१३ मध्ये हेही पुढे आलं की मोकळ्या समुद्रातून किनाऱ्यापर्यंत येताना सॅमन पृथ्वीचं चुंबकत्व वापरतात. म्हणजे शहरापर्यंत होकायंत्र, आणि गल्ली शोधायला नाक.

इथवर वाचून मी खूश होतो. बाबांना सांगायला छान गोष्ट मिळाली होती. पण पुढे जे वाचलं त्यावर आम्ही दोघंही जरा गप्प झालो.

नाकातल्या ज्या पेशी पाण्यातले रेणू ओळखतात, त्या उघड्यावर असतात. माशाला नाक मिटता येत नाही. पाण्यात जे येईल ते थेट त्यांच्यावर. आणि तांबं त्यांना फार वाईट. २००० च्या दशकात इथल्या संशोधकांनी कोहोच्या पिल्लांवर मोजून पाहिलं. लिटरमागे अवघे २ मायक्रोग्रॅम तांबं, तेही तीन तास, एवढ्यावर त्यांची वास घेण्याची शक्ती कमी झाली. मग त्यांना जखमी माशाच्या कातडीचा वास दिला. निरोगी पिल्लं असा वास आला की जागच्या जागी थिजतात (सॅमनमध्येही हा इशारा चालतो). तांबं लागलेली पिल्लं मात्र पोहत राहिली, काहीच झालं नाही अशी. म्हणजे फ्रिशचं भीतीचं द्रव्य पाण्यात होतं, पण ते वाचणारं कुणी नव्हतं. मासा मेला नाही, आजारी दिसला नाही. फक्त त्याला शिकारी कळेनासा झाला. पाण्याच्या तपासणीत 'मासे जिवंत आहेत' एवढंच बघितलं तर हे कधीच दिसणार नाही.

हे तांबं येतं कुठून? एक मोठा वाटा गाड्यांच्या ब्रेक पॅडचा. ब्रेक दाबला की पॅड झिजतं, भुकटी रस्त्यावर पडते, आणि सिअ‍ॅटलच्या पावसाने ओढ्यात जाते. बाबांना इसाक्वाला नेताना आय-९० वर मीच किती वेळा ब्रेक दाबला असेन! सुदैवाने इथे कुणीतरी हे मनावर घेतलं. वॉशिंग्टन राज्याने २०१० मध्ये कायदा करून ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं, २०२१ पासून ५ टक्क्यांच्या आत आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत. एका माशाच्या नाकासाठी ब्रेकची रेसिपी बदलली. मला हे खरंच भारी वाटलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या ओढ्याला वास येतो आता. पाच-सहा वर्षं झाली."

"कसला?"

"साबणासारखा. वर घरं झाली ना सगळी. पूर्वी पहिल्या पावसात नुसता मातीचा यायचा. आता चढण होते की नाही तेही कळत नाही. मी गेल्या वर्षी दोनदा बत्ती घेऊन जाऊन आलो. काही नाही."

त्या ओढ्याचं पाणी कुणी मोजलेलं नाही. मासे कमी होण्याची कारणं बरीच असू शकतात. बंधारे आहेत, अंडी भरलेले मासेच पकडून खाल्ले जातात, आणि तेही आम्हीच खाल्ले आहेत. तेव्हा 'साबणामुळे मासे गेले' असं मी म्हणणार नाही. हॅसलरची गोष्ट वाचल्यावर तसं म्हणणं शोभणारही नाही. त्याने तीस वर्षं घालवली ती एका वाक्याआधीचं 'मला वाटतं' काढून टाकण्यासाठी.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपण नदी बघतो तेव्हा पाणी आहे का, स्वच्छ दिसतंय का एवढंच बघतो. माशासाठी तीच नदी म्हणजे पत्ता, दारावरची पाटी आणि धोक्याची घंटा, सगळं एकाच वासात. पाणी तसंच वाहत राहतं आणि पाटी पुसली जाते. ते आपल्याला दिसतही नाही.

बाबा नोव्हेंबरात परत गेले. जाण्याआधी एकदा पुन्हा इसाक्वाला जाऊया म्हणाले, गेलो. हंगाम संपत आला होता, काठावर मेलेले मासे पडले होते आणि त्यांच्यावर सीगल बसले होते. बाबा म्हणाले, "पोचले तरी." बस, एवढंच.

या जूनमध्ये पहिला पाऊस झाला की बाबा ओढ्यावर जाणार आहेत, पकडायला नाही, नुसतं बघायला. मी त्यांना सांगितलंय, काही दिसलं तर कितीही वाजलेले असोत, फोन करा.

असो. तुमच्यापैकी कुणी सिअ‍ॅटलकडे असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात इसाक्वाच्या पुलावर नक्की जा. आणि गावाकडे चढणीचे मासे बघितलेलं कुणी घरात असेल, तर त्यांना एकदा विचारून ठेवा, ओढ्याला तेव्हा कसला वास यायचा ते.